आई-बाबांना चार दिवस मुंबई दाखवायची आहे. काय ठेवू, काय गाळू?

लातूरची_लेक

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा, मी आणि माझी नऊ वर्षांची लेक असे चौघं मुंबईला निघालोय. लातूरहून रात्रीच्या गाडीने शुक्रवारी सकाळी सीएसएमटीला उतरू, सोमवारी रात्री परतीची गाडी. दादर पश्चिमेला एका नातेवाइकांचं घर चार दिवस रिकामं मिळालंय.

बाबा ७६ वर्षांचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. मुंबईला आयुष्यात एकदाच आलेले, तेही सकाळी येऊन संध्याकाळी परत. उजवा गुडघा फार झिजलाय. सपाटीवर हळूहळू चालतात, पायऱ्या चढताना कठडा लागतो. आई सत्तरीची, पायाने खणखणीत. तिला समुद्रात बोटीने जायचंय, बाकी काहीच मागणं नाही. लेकीला लोकल आणि पेंग्विन.

घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी मिळून २३ ठिकाणांची यादी करून दिलीय. गेटवे, घारापुरी, हाजी अली, सिद्धिविनायक, सी-लिंक, नटांचे बंगले, तारांगण, हँगिंग गार्डन, म्युझियम, राणीची बाग, जुहू, मॉल, आणखी बरंच काही. घारापुरी सोमवारी ठेवलीय, गर्दी नसेल म्हणून. बाबांनी यादी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही फिरा, मी घरी बसेन." हे बघितल्यापासून मला झोप नाही. कुणीतरी नीट सांगा.

ठाण्याचा_प्रवासी

दिवसभरासाठी टॅक्सी ठरवा, दोन दिवसांत २३ च्या २३ होतात. बाबांना गाडीतून उतरायचीही गरज नाही. आम्ही पाहुण्यांना असंच फिरवतो.

फोर्टातली_३१_वर्षं

लेकी, तुझं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. मी डोंबिवलीची. फोर्टात ३१ वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मुंबई दाखवायचं काम माझ्याकडेच असतं. वरच्या सल्ल्यावर आधी बोलते, कारण मी तेच करून बसले आहे.

२००९ साली माझे मामा-मामी देवरुखहून आले होते. एकच दिवस हातात होता, म्हणून टॅक्सी ठरवली आणि अकरा ठिकाणं केली. दुपारी तीनला मामींना गाडी लागली, पेडर रोडवर कडेला थांबलो. संध्याकाळी घरी मामा चहा पीत नुसते बसले होते. मी विचारलं, काय आवडलं? म्हणाले, "सगळं काचेतून बघितलं गं." पुढच्या वर्षी मामा गेले. त्यांना पुन्हा आणता आलं नाही, आणि ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

म्हणून सांगते, यादी फाड. एका दिवसाला शहराचा एकच पट्टा धर. त्या पट्ट्यात बाबांना बसता येईल अशा जागा आधी शोध, मग बाकीचं.

आधी एक चूक सुधार. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीची कान्हेरीही सोमवारी बंद. राणीची बाग आणि तिथलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, म्हणजे तुमच्या सोमवारी ते चालू असणार.

शुक्रवारचं बघू. तुमचं पहिलं ठिकाण म्हणजे तुम्ही उतरता तेच स्टेशन. लांबच्या गाड्या उजवीकडच्या फलाटांना लागतात आणि लोक तिकडूनच पी. डिमेलो रोडला बाहेर पडतात, टॅक्सी पटकन मिळते म्हणून. त्यामुळे व्हीटीवर उतरूनही व्हीटी बघायची राहून जाते. (आम्ही अजून व्हीटीच म्हणतो, तोंडातून जात नाही.) तुम्ही सामान क्लोक रूमला टाका, फलाटाच्या टोकाने सरळ लोकलच्या बाजूला चालत या. एकही पायरी लागत नाही. उपनगरी तिकीटघरात शिरा आणि मान वर करा. तिकिटाच्या रांगेत उभं राहून मी ते छत कितीदा बघितलं असेन, त्यावरचे सोनेरी तारे अजून मोजून झाले नाहीत.

मग बाहेर येऊन समोरून इमारत बघा. लेकीला काम द्या, प्राणी मोज म्हणावं. दगडात मोर आहेत, माकडं आहेत, फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसलाय. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. नक्षीच्या कामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, हे बाबांना सांग, शिक्षकाला बरं वाटेल. १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. फ्रेडरिक स्टीव्हन्स हा त्याचा वास्तुकार, आणि समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. आणि १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याची पहिली गाडी निघाली ती इथूनच, तेव्हाच्या बोरीबंदरहून. सकाळी साडेनऊच्या सुमारास लोकलमधून माणसांचा लोंढा बाहेर पडतो, तो कडेला उभं राहून पाच मिनिटं बघा. मुंबईतलं त्याहून मोठं दृश्य मला ठाऊक नाही.

एवढं झालं की घरी. अंघोळ, जेवण, झोप. संध्याकाळी दादर चौपाटी आणि चैत्यभूमी, घरापासून जवळच. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा. पहिला दिवस संपला.

रविवार फोर्टासाठी राखून ठेव. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, बाबांना कोणी धक्का देणार नाही. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणून जाताना भुयारी मेट्रोने जा. दादर पश्चिमेहूनच मिळते, थेट हुतात्मा चौक स्टेशनला उतरायचं, लिफ्ट आहे. वर आलात की समोर मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक. बाजूला १८६४ चं फ्लोरा फाउंटन. बाबांचा जन्म हैदराबाद संस्थानातल्या मराठवाड्यातला असणार, बरोबर? १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० ला महाराष्ट्र झाला, त्यांच्या शाळकरी वयातलंच हे सगळं. त्यांना तिथे घाई करू नकोस. दुसरं कुठलंही ठिकाण हुकलं तर चालेल.

तिथून एशियाटिक लायब्ररी जवळ आहे. १८३३ ची इमारत, समोर तीस पायऱ्या. चढायच्या नाहीत, खालच्या पायरीवर बसायचं. समोर हॉर्निमन सर्कलची बाग. ऊन चढलं की टॅक्सीने म्युझियम, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आत गेल्यावर आधी मधल्या घुमटाखाली थांबा. तिथल्या कोरीव लाकडी कमानी नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून आणलेल्या आहेत. गेटवे बांधणाऱ्या जॉर्ज विटेटनेच ही इमारत उभारली, १९२२ ला ती लोकांना खुली झाली. तीन मजले बघायला जाऊ नका. तळमजल्यावरची शिल्पं बघा, बस.

चार वाजता ओव्हल मैदान. बाबांना मैदानाच्या मधल्या वाटेवर उभं कर. एका हाताला राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय, सगळं टोकदार कमानींचं, १८७० च्या दशकातलं. दुसऱ्या हाताला गोल कोपऱ्यांच्या, गुळगुळीत आर्ट डेको इमारती, १९३० च्या दशकातल्या. मध्ये पोरं क्रिकेट खेळतायत. साठ वर्षांचं अंतर एका मैदानाएवढं! २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा म्हटलं, पण त्याआधीही मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथेच बसायचे.

सूर्य बुडायच्या अर्धा तास आधी मरीन ड्राइव्हचा कट्टा गाठा, मग चर्चगेटहून लेकीची लोकल. चर्चगेटला गाडी सुटते, म्हणून बसायला जागा मिळते. स्लो गाडी घ्या, सगळे एकाच डब्यात बसा. लेकीला डाव्या खिडकीला बसव, चर्नी रोडच्या आसपास समुद्राकडे लक्ष ठेवायला सांग. प्रभादेवी स्टेशन आलं की उठून दाराकडे सरका, पुढचं दादर. बाबांना आधी उतरू द्या, लेकीचा हात मनगटाला धरा, बोटाला नको.

नटांचे बंगले काढून टाक. एक बंद फाटक आणि त्यासमोर उन्हात उभी गर्दी, त्यासाठी बांद्रा-जुहू करायचं? मॉल तुमच्याकडेही होतील. हाजी अली आणि सिद्धिविनायक श्रद्धेचे विषय आहेत, आईंची इच्छा असेल तर जा, पण यादीत आहे म्हणून नको.

शनिवारसाठी मी घारापुरी म्हणाले असते. बोटीने तासभर, आईंची हौस भागते. पण वर जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पायऱ्यांसाठी डोलीवाले मिळतात. बाबांना विचारून सांग.

लातूरची_लेक

काकू, तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. हुतात्मा चौकाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि "परत वाच" म्हणाले. जन्म १९४९ चा, तुमचा अंदाज बरोबर.

डोलीला मात्र साफ नाही म्हणाले. "माणसाच्या खांद्यावर बसून देव बघायला मला जायचं नाही." यावर वाद नाही. मग आईची बोट कशी करायची? आणि शनिवारी काय?

बोरिवली_पूर्व

बाबांना माझा नमस्कार सांगा. शनिवार आम्हाला द्या. इतिहासाच्या मास्तरांना कान्हेरी दाखवली नाही तर काय दाखवलं!

मी गेली १५ वर्षं उद्यानात सकाळी चालायला जातो. शनिवारी सकाळी दादरहून बोरिवलीची लोकल घ्या. त्या वेळी गर्दी उलट्या दिशेला, दक्षिणेकडे असते, तुम्हाला बसायला मिळेल. स्टेशनच्या पूर्वेला उतरून रिक्षाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं मुख्य फाटक. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत, उद्यानाची बस थेट पायथ्याशी सोडते. सुरुवातीला थोड्या पायऱ्या आहेत, त्या सावकाश चढल्या की लगेच तीन नंबरचं लेणं, मोठा चैत्य. बाबांनी एवढंच बघितलं तरी बस होईल. दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. आणि बाहेर ब्राह्मीतले लेख, त्यातल्या एकात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं नाव. इथल्या दानलेखांत कल्याण, सोपारा, नाशिक, पैठण अशी गावं येतात. पैठणच्या माणसाने इथे येऊन दान दिलंय, विचार करा. मराठवाड्याचा इथला संबंध किती जुना आहे ते मास्तरांना मी सांगायला नको.

आई आणि लेकीला वरच्या बाजूला पाठवा. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत, पण मला सगळ्यांत आवडतं ते पाणी. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी खडकात खोदलेलं टाकं आणि त्याकडे पाणी नेणाऱ्या बारीक पन्हळी. पावसाचा थेंब न् थेंब वळवलेला. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हणतात. लेकीला एक पन्हळ दाखवून "हिच्या शेवटापर्यंत बोट फिरवत जा" म्हणा, ती आपोआप टाक्यापाशी पोचेल. माझ्या पोरीला मी असंच दाखवलं होतं.

माकडं फार आहेत. हातात खायचं काही नको, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा नको. पाण्याची बाटली सॅकमध्ये.

दोन_मुलांची_आई_भायखळा

राणीच्या बागेबद्दल मी सांगते, आम्ही चालत जाण्याइतके जवळ राहतो. सोमवारी सकाळी उघडताच जा, शाळेच्या सहली यायच्या आत पेंग्विन बघून होतील. मग बाजूचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईतलं सगळ्यात जुनं, १८७२ चं. लहानसं आहे, आजोबांना झेपेल. मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून तेव्हाचे मुंबईकर, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे मांडलेत, माझी मुलं तिथून हलत नाहीत.

आणि घारापुरी चुकतेय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. पोर्तुगीजांनी त्या बेटाला ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती बेटावर नाहीच, या संग्रहालयाच्या बागेत उभा आहे. लेकीला हत्तीपाशी नेऊन ही गोष्ट सांगा.

फोर्टातली_३१_वर्षं

भायखळ्याच्या ताईंनी माझा प्रश्नच सोडवला. राणीच्या बागेहून भाऊचा धक्का जवळ आहे, टॅक्सीने थोडा वेळ. तिथून मांडव्याला रो-रो बोट जाते, गाड्या नेणारी मोठी बोट. तासाभराचा प्रवास. गेटवेच्या छोट्या लाँचमध्ये चढताना ओल्या पायऱ्या आणि हलणारी कड, कधी एका लाँचमधून दुसरीत पाय टाकावा लागतो. बाबांच्या गुडघ्याला ते नको. रो-रोला सरळ चालत आत शिरायचं. बाबा आत खुर्चीवर बसतील, आई आणि लेक वर उघड्या डेकवर. मांडव्याला चहा घ्या आणि परत फिरा. वेळा बदलतात, जाण्यायेण्याची तिकिटं आदल्या दिवशीच काढून ठेव. परतून घरी जाऊन सामान घ्या आणि रात्रीच्या गाडीला या. सगळं एकाच पूर्व किनाऱ्यावर आहे, धावपळ होणार नाही. गेटवे रविवारी म्युझियमच्या बाहेरून पाच मिनिटांवर आहे, बाबांचा गुडघा बोलला नाही तर जा.

बाबांना डोली नको वाटली, हे ऐकून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. त्यांना सांग.

ठाण्याचा_प्रवासी

ताई, वरचं वाचून माझा सल्ला मागे घेतो. माझ्या वडिलांना मी हुतात्मा चौक फक्त सिग्नलला थांबलो तेवढाच दाखवलाय. येत्या रविवारी मेट्रोने घेऊन जातो.

लातूरची_लेक

काल सकाळी परत पोचलो. ज्यांनी एवढा वेळ काढून लिहिलं त्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

व्हीटीला लेकीने ३१ प्राणी मोजले आणि अजून राहिलेत म्हणून रडली. तिकीटघरात बाबा छताकडे बघत राहिले, मागून कोणीतरी "आजोबा, रांगेत आहात का?" विचारलं. बाबा म्हणाले, "नाही, तुम्ही जा, मी बघतोय."

कान्हेरीत बाबा तीन नंबरच्या लेण्यापाशी दीड तास बसले. बाहेरच्या लेखासमोर उभं राहून हात अक्षरांपासून बोटभर दूर धरून ओळीवरून फिरवत होते, जसं फळ्यावर मुलाला वाचायला लावताना फिरवायचे. ब्राह्मी त्यांना वाचता येत नाही. तरी शेवटपर्यंत नेला. एक कॉलेजचा मुलगा तिथे होता, त्याला त्यांनी सातवाहन, पैठण, सगळं सांगितलं. तो वही काढून लिहून घेत होता. आई आणि लेक वरून ओल्या हाताने परत आल्या, टाक्यात पाणी होतं.

हुतात्मा चौकात बाबा काही बोलले नाहीत. टोपी काढून उभे राहिले. आम्हीही गप्प उभे होतो. नंतर एशियाटिकच्या पायरीवर बसल्यावर म्हणाले, "आमचे वडील या आंदोलनाच्या बातम्या पारावर मोठ्याने वाचून दाखवायचे. गावात एकच पेपर यायचा." हे मला ४४ व्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

म्युझियम अर्धंच झालं, ओव्हलवर मात्र सूर्य कलेपर्यंत होतो. गेटवे राहिला. कोणाला आठवणही झाली नाही.

बोटीत आई कठड्याला धरून उभी होती, तासभर हलली नाही. मांडव्याहून परतताना मुंबईचे दिवे लागले होते. तिने पदराने तोंडावरचं पाणी पुसलं आणि म्हणाली, "खारट आहे गं."

पुढे कोणी हे वाचून जाणार असेल तर एक गोष्ट लिहून ठेवते, वर कोणी सांगितली नव्हती. क्लोक रूमला बॅगांना कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत. आमच्या एका बॅगेला नव्हतं, लेकीच्या शाळेच्या सॅकचं छोटं कुलूप काढून लावलं तेव्हा घेतली. घरूनच लावून निघा.